मोहापाशी काजळी थांबते

दिपाली, शेकोटीत अजून चार पऱ्हाट्या टाक अन् बस अशी माह्याजवळ. काल मी अंगणातल्या टांग्याकडं पाहत होती तर हासली ना मले, सासूबाई भ्याड झाल्या म्हणून? तर आता ऐक. हे घडलं त्या वक्ती तू सलोनीच्या बाळंतपणाले माहेरी होती, म्हणून तुले ठाऊक नाही.

तुळशीचं लग्न होऊन गेलतं अन् थंडी पडून राह्यली होती. मी फुलसावंगीच्या बाजारात सांबाराच्या अन् मेथीच्या जुड्या विकाले गेलती. परतीले शंकरसिंगचा टांगा. आटोवाले माहं टोपलं पाहूनच तोंड फिरवत. शंकरसिंग आपणच उतरून टोपलं वर घेई. तांड्यावरचा माणूस, बोलणं कमी. त्याची बायको नंदाबाई माही जिवाची मैत्रीण. पोळ्याच्या दिवसांत थे तापानं गेली. तवापासून थो बुढा अर्धाच राह्यला होता.

टांग्याचं एक गणित असते वं. दोन चाकाची गाडी. मागं कोणी चढलं का दांड्या वर उठतात, गाडी उलाळ होते, घोडीच्या पोटाचा पट्टा काचते. म्हणून मागची सवारी चढाच्या आधीच हाकणारा पुढं सरकते. नंदा होती जाडजूड. रोज सांजीले वावरातून येऊन थे मोहाच्या झाडाखाली गवताचा भारा घेऊन उभी राहे. काजळी, म्हणजे त्यायची घोडी, लगाम न ओढता तिथं थांबे. शंकरसिंग मागं न पाहताच पुढं सरके, नंदा चढे अन् म्हणे, "सरका अजून! तुमची गाडी आभाळात चालली!" आम्ही हासून हासून बेजार होत असू.

त्या दिवशी मागं कोणीच नव्हतं. मी पुढं, शंकरसिंगच्या बाजूले. काजळी सारखी खोकलत होती.

"झूल काहून नाही घातली जी तिले?" म्या इचारलं.

"सापडून नाही राह्यली, बाई. दर साली थंडी लागली का नंदाच काढे. जुन्या गोधड्याची, तिच्याच हातची. कुठं ठेवते, म्या कधी इचारलंच नाही. सारं घर उलथं केलं."

मंग म्हणाला, "उद्या नेमसिंग येऊन राह्यला पुण्याहून. घोडी इकतो म्हणते. मले संगं नेतो म्हणते."

"बरंच हाय की, भाऊ. पोराजवळ राहाल. इथं कोण हाय आता तुमचं?"

त्यानं काजळीले चुचकारलं.

दिवस बुडाला होता. तुरीच्या वावरावर धूर खालीच बसला होता. मोह आला अन् काजळी थांबली. मले वाटलं, मुकं जनावर, सवय असते त्यायले. हाका ना भाऊ म्हणणार, तेवढ्यात शंकरसिंग पुढं सरकला. पार फळीच्या काठावर. हळूच म्हणाला, "बाई... तुम्हीबी सरका जरा."

"काहून? मागं कोण हाय?"

"सरका..."

मी सरकली. अन् माय वं! टांगा मागं दबला. दांड्या वर उठल्या, फळी करकरली, काजळीनं कान मागं केले. ओल्या गवताचा वास आला, ताज्या कापलेल्या. वावराच्या धुऱ्यावरचं गवत तर कवाचंच वाळून गेलतं. मी वळाले लागली तर त्यानं माहा हात धरला. जो कधी नजर वर करून बोलला नाही, त्यानं हात धरला.

"पाहू नका, बाई... एकदा म्या पाह्यलं होतं. उतरून गेली. लय दिवस आलीच नाही मंग..."

टांगा चालू लागला, जड, भरलेला. मी भेली होती, खोटं कायले बोलू. पण त्या भेवाखाली रडू होतं. आपली नंदा हातभर मागं बसली अन् मी तिले पाहू नाही शकत! शेवटी राहवलं नाही. समोर पाहतच बोलली, "नंदा... झूल कुठं ठेवली वं? थंडी लय हाय..."

चाकं तेवढी वाजत राह्यली.

माह्या दारात उतरली तरी म्या मागं पाह्यलं नाही. शंकरसिंगच्या डोळ्याले धार लागली होती. "आता सांगा बाई, पुण्याले कसा जाऊ? मोहापाशी तिनं कोणाची वाट पाहाची?"

म्या टोपलं उचललं अन् घरात गेली.

दुसऱ्या दिवशी नेमसिंग आला. आल्या आल्या वरातीच्या घोडेवाल्यासंगं काजळीचं ठरवून मोकळा झाला. शंकरसिंग भांडला नाही, रागावला नाही. "एक फेरी मारून येतो," एवढंच म्हणाला अन् टांगा जुंपला.

सांजीले मी दारात बसली होती. टापा ऐकू आल्या. काजळी आली, टांगा आला. पुढं कोणी नाही, मागं कोणी नाही. लगाम मात्र लोंबत नव्हता, ताणून धरल्यासारखा होता. रिकामा टांगा कसा खडखडते. हा तोल धरून, हळू हळू माह्या दारावरून तांड्याकडं निघून गेला.

आम्ही बॅटऱ्या घेऊन मोहाकडं धावलो. शंकरसिंग बुंध्याले टेकून बसला होता. अंग थंडगार. त्याच्या अंगावर गोधड्याची झूल होती, खांद्यावरून नीट ओढलेली, अन् गळ्यापाशी बंद बांधले होते, नंदा घोडीले बांधे तशा दुहेरी गाठीचे. नेमसिंग लेकरासारखा रडला. "मावशी, सारं घर पाह्यलं होतं वं बापूनं..." हेच म्हणत राह्यला.

काजळी वरातवाल्याकडं गेली. टांगा कोणाले नको होता, म्हणून नेमसिंग इथं, आपल्या ह्या अंगणात ठेवून गेला. घोडी नाही, त्याच्यामुळं दांड्या जमिनीवर टेकलेल्या असतात, तू पाहतेच. पण सांज झाली का त्या उठतात, दिपाली. आपोआप. उठून बरोबर थांबतात, ना पुढं, ना मागं, दोघं जण आपापल्या जागी बसल्यावर थांबतात तशा. मले त्याचं भेव नाही वं. सुखानं बसा म्हणते मी, दिवा लावते, थोडी रडते.

पण काल तू सलोनीले कडेवर घेऊन, मले हासत घरात चालली होती ना, तवा मी टांग्याकडंच पाहून राह्यली होती. दांड्या उठल्या... बरोबर झाल्या... अन् मंग हळूच पुढं झुकल्या. शंकरसिंग सरकला होता.

ती जागा माह्यासाठी केली असन तर मी तयार हाय. माहं वय झालं, अन् नंदाची आठवणबी लय येते. म्हणूनच काल उंबऱ्यातून मी म्हणाली, "येते वं नंदा, थांब जरा."

पण दांड्या माह्यासाठी झुकल्या नव्हत्या. तू पाठमोरी होती, तुले दिसलं नाही. सलोनी तुह्या खांद्यावरून त्या मागच्या जागेकडं पाहत होती. खुदकन हासली, अन् तिनं दोन्ही हात पुढं केले, कोणी घ्याले आलं का लेकरू करते तसे.