महिपतीच्या उसातलं पाणी

साखर कारखान्याच्या काट्यापुढं त्या रात्री उसाचे सव्वाशे ट्रॅक्टर उभे होते. नंबर लागायला पहाट होणार होती. पोरांनी उसाचं पाचट पेटवलं होतं आणि भोवती बसली होती. पाटबंधारे खात्यात तेवीस वर्षं पाटकरी म्हणून काढलेला दत्तोबा पुतण्याच्या ट्रॅक्टरवर सोबतीला आला होता. कालव्यातनं चारीला पाणी सोडायचं, बंद करायचं, कुणाची पाळी किती ते बघायचं, हे त्याचं काम. आता रिटायर होऊन वर्ष झालं होतं.

"दत्तोबा, भुताची सांगा," सिद्धू म्हणाला. "पण खरी. मागल्या वेळंला तुमची हडळ खात्याच्या जीपमधनं फिरत हुती."

"ती बी खरीच. सायबाची बायको हुती ती."

पोरं हसली. दत्तोबा हसला नाही. त्यानं काडीनं जाळ सारखा केला.

"आता सांगतो तिला हसू नका. ती मल्हारनं मला सोताच्या तोंडानं सांगितलीय. आन् शेवट मी डोळ्यांनी बघितलाय."

मग तो सांगू लागला, आणि सांगताना त्याचा आवाज एकदाही चढला नाही.

सणसर गावच्या खालच्या अंगाला चारीच्या कडेला आबाजीची वस्ती आहे. सत्त्याण्णव सालची गोष्ट. जानेवारीची नऊ तारीख, गुरुवार, अमावस्या. संक्रांत पाच दिवसांवर आली होती. आबाजीच्या उसाला रात्री नऊ ते एक पाणी होतं आणि दारं धरायला त्याचा धाकटा पोरगा मल्हार निघाला होता. एक सरी भरली की तिचं तोंड चिखलानं बुजवायचं, पुढच्या सरीचं उघडायचं. काम एवढंच, पण थंडीत पाण्यात उभं राहून करायचं. मल्हार वीस वर्षांचा. सातवीत शाळा सोडलेला, डोक्यानं तापट. आईनं, गोजरबाईनं, त्याच्या हातात बॅटरी दिली.

"पायात बूट घाल," म्हणाली.

आणखी काही म्हणाली नाही. त्या घरात दीड महिना झाला, कुणी फारसं बोलत नव्हतं. थोरला राम गेला होता.

दिवाळीनंतरच्या पाळीला राम असाच दारं धरायला गेला आणि त्याला घोणस चावली. चावली ती आपल्या शेतात नाही, शेजारच्या महिपतीच्या उसात. उजाडताना महिपतीनंच हाळी दिली. जीपनं बारामतीला नेईपर्यंत वाटेतच राम संपला. चोवीस वर्षांचा होता.

आता महिपतीचं आणि आबाजीचं आठ वर्षं बोलणं नव्हतं. आबाजीच्या घरात तेव्हा थोडी मेंढरं उरली होती. ती एकदा महिपतीच्या फ्लॉवरमध्ये शिरली आणि त्यानं अकराच्या अकरा हाकलत नेऊन गावच्या कोंडवाड्यात घातली. उन्हाळा होता. तिथं पाण्यावाचून दोन मेली. आबाजीनं उरलेली विकली, आणि बापजाद्यांचा धंदा त्या दिवशी बंद झाला तो झालाच. मधे एक बांध, अलीकडं एक चूल, पलीकडं एक. पण विस्तवाचं, मिठाचं, ताकाचं देणंघेणं तुटलं.

मग राम त्या उसात कशाला गेला होता? मल्हारला हे कुणी सांगू शकलं नाही. आणि चावल्यावर तो ओरडला असणारच. महिपतीचं घर तिथून शंभर पावलांवर. ऐकून झोपून राहिली, मल्हार म्हणायचा. मरू दिलं माझ्या भावाला.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. महिपतीची बायको प्रयागबाई संध्याकाळी पाटीत पिठलं-भाकरी घेऊन दारात आली. आठ वर्षांनी आली. मल्हारनं पाटीला लाथ घातली. ती खाली बसली, मातीतल्या भाकरी एकेक करून पदरात गोळा केल्या आणि गेली.

आता रामनंतरची ही पहिलीच पाळी होती. एक वाजता आपलं तोंड बुजवायचं आणि महिपतीच्या पाटाचं तोंड उघडून द्यायचं, असा सगळ्या चारीवरचा रिवाज. मल्हारनं ठरवलं होतं, उघडायचं नाही. पाणी ओढ्याला सोडून द्यायचं. महिपतीचा ऊस डोळ्यांदेखत वाळवायचा. म्हातारा भांडायला आला, तर हातात खोरं होतंच.

साडेबारापर्यंत सगळं नीट चाललं. सहा सऱ्या राहिल्या होत्या. तेवढ्यात पाणी बारीक झालं. बघता बघता करंगळीएवढं झालं. मग थांबलं.

मल्हारनं बॅटरी विझवली आणि कान दिला.

महिपतीच्या उसात खोरं चालत होतं.

चपक… चपक…

महिपतीच्या पाटाचं तोंड चारीवर जरा वरच्या अंगाला. म्हणजे म्हाताऱ्यानं अर्धा तास आधीच पाणी तोडलं. मल्हारचं डोकं सणकलं. तोंडापाशी जाऊन बघायचंही त्याला सुचलं नाही. खोरं खांद्यावर टाकलं आणि बांध ओलांडून तो सरळ उसात घुसला.

पायाखाली पाणी होतं. घोट्याला लागलं. थंडगार.

"महिपती," तो म्हणाला. "बाहीर निघ."

आवाज थांबला. मग पुढं दोन सऱ्यांवर परत आला. मल्हार तिकडं गेला. तिथं सरीचं तोंड नुकतंच बुजवलेलं. चिखल ओला. माणूस नाही.

आवाज आणखी पुढं गेला.

चपक… चपक… आणि मग जरा थांबून, तिसरा.

मल्हारचे पाय जागीच राहिले.

सरी बुजवली की खोऱ्याच्या पाठीनं दोन थापा मारायच्या, थांबायचं, मग तिसरी. असं फक्त राम करायचा. मल्हार त्याला चिडवायचा, पोराला थोपटतोस का सरीला निजवतोस.

"दादा?"

उसाचं पान हललं नाही.

"दादा… तू हायेस का?"

पाणी वाहत होतं. बाकी काही नाही.

मल्हार पळाला. कुठं पळतोय ते त्याला कळत नव्हतं. पाती तोंडावर सपासप लागत होती. ऊस संपला आणि समोर महिपतीचं घर आलं. ओसरीवर कंदील होता. प्रयागबाई आणि महिपती दोघं वाकळ पांघरून जागी बसली होती. म्हाताऱ्याचे पाय कोरडे होते.

"झाल्या का रं सगळ्या सऱ्या?" महिपतीनं विचारलं. विचारलं ते मल्हारकडं बघून नाही, त्याच्या बाजूच्या अंधाराकडं बघून.

"कसल्या सऱ्या? माजं पाणी तोडलंस आन् वर मलाच इचारतोस?"

"मी?" म्हातारा म्हणाला. "मला ह्या कंदिलापल्याड काय दिसत न्हाय, पोरा. रातांधळा हाय मी. दिवस बुडला की हितंच बसतो."

"मग उसात कोण हाय?"

मग प्रयागबाई हळू म्हणाली,

"तूच ना? मघापास्नं खोरं वाजतंय. आमी म्हणलं, धाकटा आला. थोरल्यावाणी."

"थोरल्यावाणी म्हंजे?"

महिपतीनं वाकळ बाजूला केली. "बस," म्हणाला. मल्हार बसला नाही. उभ्यानंच ऐकलं.

दोन वर्षांमागं राम आपलं पाणी संपवून निघाला होता. बांधापलीकडं म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा, हातानं सरीचं तोंड चाचपत होता. राम बांध ओलांडून आला आणि त्याच्या हातातलं खोरं काढून घेतलं. तेव्हापासून दर पाळीला आपलं झालं की महिपतीची दारं तो धरायचा. दिवस उगवायच्या आत घरी जायचा.

"आमाला कधी बोलला न्हाय," मल्हार म्हणाला.

"मला बी बोलू देत नव्हता. म्हणायचा, तात्या, आमचा आबा आपणहून तुमच्या दारात येईल. तवर गप ऱ्हावा. जबरीनं केलेलं बोलणं टिकत न्हाय म्हणायचा."

मल्हारचा हात खोऱ्यावर आवळला.

"आन् त्या राती? वरडला न्हाय तो?"

महिपतीनं वाकळ परत गुडघ्यांवर ओढली.

"वरडला. तीनदा. 'तात्या, बॅटरी आणा,' म्हणाला. ही घरात नव्हती. लेकीच्या, मोनाच्या बाळंतपणाला निरवांगीला गेलेली. मी निघालो. माजाच ऊस, चाळीस वर्सं कसतोय. हाकंच्या मागं गेलो आन् चारीत पडलो. उठलो. परत हाक आली ती दुसरीकडनं. मग… आलीच न्हाय. मी हातानं ऊस चाचपत रातभर फिरत हुतो. राम, राम म्हणत. उजाडलं तवा दिसला. सात पावलं, पोरा. मी त्याच्यापास्नं सात पावलांवर उभा हुतो."

प्रयागबाईनं तोंडाला पदर लावला.

"सांगितलं का न्हाय?" मल्हार म्हणाला.

"सांगायलाच आले हुते मी," प्रयागबाई म्हणाली. "पाटी घिऊन."

मल्हार खाली बसला.

आणि मग तिघांनीही ऐकलं. उसातून.

चपक… चपक…

…चपक.

मल्हार उठला. खोरं तिथंच ठेवलं. बॅटरी ठेवली. पायांतले बूटसुद्धा काढले आणि उसात गेला. आवाज जवळ आला. आणखी जवळ. एका सरीवर. मग थांबला.

"दादा."

काही नाही.

"दादा, एकडाव बोल…"

काही नाही.

त्याला खूप विचारायचं होतं. तुला दुखलं का. तुला आमची आठवण आली का. मी झोपलो होतो रं, मला जाग नाही आली. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आपल्या शेतात का न्हाय आलास?"

बराच वेळ तो उभा होता. आवाज परत आला नाही. मग तो बांधावर येऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला. आईसमोर रडला नव्हता, बापासमोर नाही, सरणापाशी नाही. प्रयागबाई कंदील घेऊन आली, त्याच्या पाठीवर वाकळ टाकली आणि उजाडेपर्यंत शेजारी बसून राहिली.

दिवस उगवला तसा तो घरी गेला आणि बापाला सगळं सांगितलं. आबाजीनं ऐकून घेतलं. मग उठून डोक्याला पटका गुंडाळला, बांध ओलांडला आणि महिपतीच्या अंगणात जाऊन उभा राहिला. आठ वर्षांनी.

"महिपती, हायेस का?"

"या आबाजीराव. बसा."

आबाजी ओसरीवर टेकला. प्रयागबाईनं चहा ठेवला. आबाजीनं कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"जेवायचा का तुझ्याकडं?"

"जेवायचा की. मेथी असली तर दोन भाकरी."

"घरी मेथी खात नव्हता त्यो," आबाजी म्हणाला. "कधीच खात नव्हता."

महिपतीनं कप हळूच त्याच्या हातातून काढून घेतला आणि खाली ठेवला.

तेवढ्यात दत्तोबा सायकलवरून तिथं पोचला. तो निरोप द्यायला सगळ्या चारीवर फिरत होता.

"आबाजीराव, महिपती, राग मानू नका. वरच्या अंगाला कालव्याचा भराव खचला. साडेबाराला मी चारीचं गेट बंद केलं, कुलूप लावलं. आबाजीरावांचं ऱ्हायलेलं आन् महिपतीचं सगळं पाणी उद्या देतो."

कुणी काही बोललं नाही. दत्तोबाला वाटलं, रागावले. मग आबाजीच्या मागोमाग आलेल्या मल्हारनं त्याचं मनगट धरलं आणि महिपतीच्या उसात नेलं.

पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं होतं. एक सरी सुटली नव्हती. प्रत्येक सरीचं तोंड बुजवलेलं, वर थोपटलेलं. त्या रानात विहीर नव्हती, मोटर नव्हती.

बांधापलीकडं आबाजीच्या सहा सऱ्या कोरड्या पडल्या होत्या.

"त्या तुझ्यासाठी ठिवल्या असतील," महिपती मागून म्हणाला. मल्हारनं मान खाली घातली.

दत्तोबा एकटाच चारीवर चालत गेला, महिपतीच्या पाटाच्या तोंडापाशी. त्या शेतात पाणी शिरायला तेवढी एकच वाट होती.

सांगता सांगता दत्तोबा इथं थांबला. जाळ बसला होता. सिद्धूनं त्यात पाचट टाकलं नाही.

त्या दिवसाच्या दीड महिना आधी, रामला जीपमध्ये घातल्यावर, पाणी वाया जात होतं म्हणून दत्तोबानंच ते तोंड बुजवलं होतं. चिखल ओढला होता आणि वर पाय देऊन दाबला होता.

तो चिखल वाळून दगड झाला होता. त्याला भेगा पडल्या होत्या, एका भेगेतून हरळी उगवली होती. आणि वर दत्तोबाच्या टायरच्या चपलेचा ठसा होता. तसाच. अख्खा.