सातव्या पंपाचं माप

"माझ्या शेगडीवर मोजे वाळत घालणाऱ्याला एक दिवस तेच शिजवून वाढीन," आचारी पातेल्यात पुटपुटला. खोली एवढीशी, की पुटपुटलेलंही दवंडीसारखं ऐकू जाई. मापाडीण फीत गुंडाळत राहिली. मोजे तिचेच होते.

गोठलेल्या समुद्रावरचा तो तळ. नऊ पवनचक्क्या, नऊ पंप. वाऱ्याच्या विजेवर पंप खालचं पाणी उपसून बर्फावर पसरत. ते गोठलं की बर्फ जाड होई. उन्हाळा काढावा एवढा, हीच आशा. रोज प्रत्येक पंपापाशी भोक पाडून जाडी मोजायची. फितीच्या टोकाची आडवी कांडी खाली सोडली की बर्फाच्या पोटाला अडकते. मग फीत ताणायची, आकडा वाचायचा.

तिचा पाठचा भाऊही याच तळावर होता. बर्फावरची लांब मापं घेताना फितीचं दुसरं टोक तो धरायचा. बोलायचा त्याला मुलखाचा कंटाळा. आकडा पटला की दोन हलके हिसके द्यायचा, झालं.

गेल्या हिवाळ्यात सातव्या पंपापाशी तिची कांडी भलत्याच थराला अडकली. वर वीतभर बर्फ, मध्ये पाणी, खाली दुसरा थर. तिने दोन्ही थरांचं मिळून माप वाचलं आणि भावाला म्हणाली, "जा, चालेल."

तो गेला. वरचा थर फुटला. सापडला नाही.

तेव्हापासून ती घरी गेली नव्हती. आईच्या फोनला एकच उत्तर, एवढं काम उरकलं की येते. सातवं माप इतर कोणी घेत. तळावर तिला कोणी बोल लावला नाही, धीरही दिला नाही. सगळे आमटीतल्या मिठावर तावातावाने बोलत.

यंदा आठ दिवस वारा पडला. पंप मुके. बाकी आठ ठिकाणी बर्फ तसूभरही वाढला नाही. सातव्यापाशी रोज चार बोटं वाढे. पंपवाल्याने पंप खोलून पाहिला, आत ठणठणीत कोरडा. त्या दिवशी तो जेवला नाही. सकाळी फीत तिच्यापुढे ठेवून एवढंच म्हणाला, सातवं आज तुम्ही घ्या.

लख्ख ऊन होतं. सोबत आचारी आला, न बोलावता.

कांडी अडकली. तिने तीनतीनदा चाचपलं. बर्फ एकसंध होता.

"दोन मीटर दहा," ती म्हणाली.

फीत खालून हलली.

दोनदा. हलकेच.

तिने आचाऱ्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

"आम्हालाही जाणवतात हे हिसके, ताई. वर्षभर. सांगणार कोण?"

ती भोकाशी गुडघ्यांवर बसली.

"तेव्हाचं माप चुकलं होतं रे," ती म्हणाली. "माझं चुकलं होतं."

फितीला दोन हिसके बसले.

ती रडता रडता हसली. चुकलं होतं हे खरंच; कोणीतरी ते मान्य केलं होतं. मग तिने कांडी वर घेतली. गोठत्या पाण्यातून आलेली, तरी कोणी मुठीत बराच वेळ धरल्यासारखी उबदार होती.