बिनछपराचं नाव

जालन्यात माझ्या हातचे बोर्ड तुमाला अजून सापडतील. न्हाव्याच्या पाटीवर वस्तऱ्याऐवजी करवत काढली ती मीच. डॉक्टरच्या बोर्डावरच्या सापाचं तोंड त्यांच्या सासऱ्यासारखं दिसतं, तोबी माझाच. त्यामुळं मी काही सांगाया लागलो की लोक आधी हसून घेतात. हसा. मी थांबतो.

एकोणऐंशीची गोष्ट. दीपचंदशेठच्या सायकलच्या दुकानात टीव्हीचा खेळ आल्ता. शेठच्या मेहुण्यानं मुंबईत बसून जोडलेला. लाकडी कपाट, त्यात टीव्ही, खाली फिरवायची एक मूठ. काचेवर वरून पांढरे दाणे पडायचे. मूठ फिरवली की खालचं सूप सरकायचं. चांगला दाणा झेलायचा, किडका सोडायचा. ज्यानं सगळ्यात जास्त झेलले त्यानं मूठ फिरवून एक एक अक्षर निवडायचं, आन् त्याचं नाव काचेवर राहायचं. दुसरा कुणी त्याला हरवीपर्यंत.

अक्षरं माझी. शेठ म्हणले, इंग्रजी बघून गिऱ्हाईक बिचकतं, पेंटर, तू मराठी काढ. मेहुण्यानं बारीक चौकटींचा कागद पाठवला. एका अक्षराला घरं मोजकीच. घर भरायचं न्हाईतर रिकामं सोडायचं. गोलाई न्हाई, ब्रशचा दाब न्हाई. मी बायकोचंच नाव घेऊन बसलो, कारण बेबीनंदा या नावात वरचा सगळा पसारा हाये: मात्रा, वेलांटी, टिंब. मात्रा बसवली की अक्षरांच्या डोक्यावरची आडवी रेघ बसंना. रेघ ओढली की मात्रा चपटी होऊन तिच्यातच बुडून जायची. मंग मी रेघच उडवली. एकदम मोकळं दिसाया लागलं. खुशीत कागद घेऊन रखमाजींकडं गेलो.

रखमाजी आमचे उस्ताद. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या समद्या पेंटरांचा एक रिवाज होता. मेलेल्या माणसाची पाटी रंगवायची तर नावावर रेघ ओढायची न्हाई. जित्याच्या नावाला छप्पर, मेलेल्याचं उघडं. बाकी गावाला हे ठाऊक न्हवतं, आमाला मात्र पाटी लांबून बघूनच कळायचं.

उस्तादांनी कागद बघितला आन् उलटा करून माझ्या हातात दिला.

"सर्ज्या, याच्यावर जित्या माणसांची नावं येणार ना?"

"चौकटीत जागाच न्हाई उस्ताद. आन् टीव्हीला कसलं सुतक?"

मी हसलो. ते हसले न्हाईत.

पयलं नाव आलं कडूबाचं. कडूबा एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला, आवाज असा की हाटेलात शिरला की चहावरची साय थरथरायची. शेठनं मशीन बंद करून सकाळी चालू केलं, तर नाव तिथंच. मेहुण्यानं तर बजावून सांगितल्तं, बटण बंद केलं की नाव पुसलं जाणार, त्याला ठेवायला मशीनमधी जागाच न्हाई. शेठ म्हणले, चांगलंच हाये की, फुकटात मिळालं.

दुसऱ्या दिवशी अप्पारावच्या हाटेलात कडूबानं चहा मागितला. अप्पारावनं त्याच्या हाताच्या भवतीनं टेबल पुसलं आन् मागच्या माणसाला विचारलं, काय आणू. कडूबानं परत मागितला. अप्पाराव फडकं पिळत निघून गेला. मला लई कौतुक वाटलं. एवढी बारीक चेष्टा गावात माझ्याशिवाय कोण करून राह्यलं? मी समद्यांची तोंडं निरखली. कुणाच्या ओठाचा कोपरासुदिक हलत न्हवता.

पुढं दोनचार दिवसांनी कडूबा बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. आवाज बसलेला. मिलच्या वॉचमननं त्याच्या तोंडावर फाटक लावून घेतल्तं.

"सर्जेराव, तू तरी बोल. आईनं काल माझ्या चपला भंगारवाल्याला देऊन टाकल्या. मी समोर उभा होतो."

"बोलून राह्यलो ना बाबा."

हाटेलातली समदी माणसं वळून माझ्याकडं बघाया लागली. अप्पाराव जवळ आला आन् हळूच म्हणला, "पेंटर, कुणाशी बोलताय?"

मी उठलो. तडक शेठच्या दुकानात गेलो. मशीनवरचं ते नाव काढायला लावायचं, एवढंच डोक्यात.

नाव बदललेलं होतं.

काचेवर लिव्हलं होतं, बेबीनंदा. माझीच मात्रा, माझीच वेलांटी, माझंच टिंब. वर काही न्हाई.

बायको मशीनला टेकून हसत होती. बियाण्याच्या कारखान्यात ती दाणे निवडायला जायची, तिच्या डोळ्याला किडका दाणा आधीच दिसायचा. मला शोधत आल्ती आन् सहज खेळून बसली.

"बघा," ती म्हणली, "तुमच्या खेळात मी पयली."

शेठ गल्ल्यावरून मान लांब करून मला विचारून राह्यले होते, "पेंटर, आत्ता कोण खेळून गेलं हो? बाई होती वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीनंदानं आमच्या शेजारणीला, झुंबरबाईला, दोनदा हाक मारली. झुंबरबाई अंगण झाडत तिच्या पायावरून झाडू फिरवत गेली. कारखान्याचा टेंपो तिच्यासमोरून न थांबता निघून गेला. घरी आली ती रागानं लाल.

"पुरे झाली चेष्टा. समद्या गल्लीला पढवून ठिवलंय तुमी. झुंबरबाईला सांगा माझ्याशी बोलायला."

मी काही बोललो न्हाई. तवा ती माझ्याकडं बघतच राह्यली. मी कवा गप बसत न्हाई हे तिला ठाऊक होतं.

"तुमी न्हाई केलं?" ती म्हणली. मंग लई हळू, "मंग कुणी केलं?"

जास्त दाणे झेलून तिचं नाव काचेवरून काढण्यात अर्थ न्हवता. कडूबाचं नाव काचेवरून गेल्तं, पण कडूबा तसाच. मी उस्तादांकडं पळालो. विचारलं, छप्पर परत चढवता येतं का?

उस्ताद ब्रश धूत होते.

"येतं. पण रेघ नवी नसती सर्ज्या. कुठली तरी उतरते, तवा तिथं चढते."

म्हाताऱ्याचं डोकं चळलं, असं म्हणून मी पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा उचलला.

शेठ दुकान आवरून राह्यले होते. त्यांना सांगितलं, काचेला जरा सजवतो. बेबीनंदा माझ्या मागं उभी होती, तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. नाव उजळलेलं. मी ब्रश पयल्या अक्षराच्या डोक्यावर टेकवला.



रेघ सरळ गेली.

टिंबाखालून गेली.

शेवटच्या कान्याला जाऊन मिळाली.

"अरे वहिनी," शेठ म्हणले, "तुमी कवा आल्या? बसा की."

बेबीनंदा रडायलाच लागली. शेठ गडबडले. मी म्हणलो, शेठ, हिला सोडा मागवा, खर्चा माझा. शेठ तिलाच विचारत राह्यले, सोडा घेता का वहिनी, एकट्याच आल्या का. मला वाटलं, गडबडीत ऐकलं नसंल. ती डोळे पुसून घराकडं निघाली. मी डबा ठेवायला माझ्या दुकानाकडं वळलो.

दिवेलागणीची वेळ. दुकानावरचा बोर्ड माझ्याच हातचा, लाल जमिनीवर पिवळ्या अक्षरात सर्जेराव आर्ट्स. आर्ट्सवर रेघ होती. सर्जेरावच्या वर लाल रंग सपाट पसरलेला. खरवडल्याची खूण न्हाई, डाग न्हाई. तिथं कवा रेघ मारलीच नसावी असा.

हाटेलावरून गेलो. अप्पाराव माझ्या अंगावरच पाणी फेकून आत गेला. बाकावर कडूबा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, आन् जरा सरकून जागा केली.

मी बसलो न्हाई. घरी आलो.

बेबीनंदा चुलीपाशी होती. दारात झुंबरबाई तिच्याशी गप्पा मारून राह्यली होती, हसत होती. ती गेल्यावर बेबीनंदानं भाकरी टोपल्यात टाकली आन् ताट घेतलं. एकच. मी समोर बसलो. नेहमीसारखी तिच्या ताटातली मिरची उचलली. तिनं ताटाकडं बघितलं, डब्यातून दुसरी मिरची काढली आन् जेवाया लागली.

जेवण झाल्यावर उठून तिनं बाहेर पडलेल्या माझ्या चपलांकडं जरा वेळ बघितलं.

मंग दाराला आतून कडी घातली. मी आतच होतो.