दिव्याचा बायोडाटा आणि एक गाऱ्हाणं

तुमचा विश्वास बसणार नाही, पैजेवर सांगतो. आणि होडी जेटीवरून सुटलेली आहे, तेव्हा ज्याला पटणार नाही त्याने खुशाल उतरावं आणि किल्ल्यापर्यंत चालत जावं!

मालवणात सर्वेशचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. पोरगा देखणा, पण आळशी. नोकरी मागणाऱ्या प्रत्येकाला एकच बायोडाटा, नुसतं नाव बदलून. मेहनती, नम्र, आज्ञाधारक. अर्ध्या तालुक्याचा छंद त्यानं ‘वाचन’ करून टाकला होता!

एका दुपारी दिव्या आली. बापाच्या होडीत वाढलेली. पायांना वाळू, केसांत खारा वारा… सर्वेशनं मान वर केली आणि खाली घ्यायची विसरला. मी तिथंच, झेरॉक्सच्या आडोशाला.

“सत्यवानशेटच्या पर्यटकांच्या होडयेर तांडेल होयो. माका अर्ज करूचो आसा.”

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. आजवर सगळे बाप्ये. सर्वेशची बोटं सवयीनं चालू लागली. तिनं स्क्रीनवर वाकून पाहिलं.

“आज्ञाधारक? कोणाची आज्ञा? खोड ता!”

“सगळे तसाच लिवतत गो…”

“लिवांदेत. माझ्या कागदार माझा लिव. सुकाणू धरतंय. इंजिन बंद पडला तर खोलून जोडतंय. वारो फिरतलो, ता आदी माका कळता, मगे वाऱ्याक.”

“आणि… नम्र?”

“माझ्या तोंडाकडे बघ, आणि मग लिव.”

तो बघत राहिला. लिहायचं राहूनच गेलं.

“वैवाहिक स्थिती?” सर्वेशनं पुढचा रकाना वाचला.

“तुका कित्याक होयी?”

“माका नाय गो… रकानो आसा.”

“मग ऱ्हवांदे रिकामो!”

या कानांनी ऐकलं मी.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन जेटीवर. मागून, तिची छत्री दुकानात राहिल्याचं निमित्त करून सर्वेश. तिथं सगळे खलाशी हाताची घडी घालून उभे.

“चेडू सुकाणूर बसला तर आमी दोरी सोडूचव नाय!”

“नका सोडू,” दिव्या म्हणाली, “माका दात आसत. चावून तोडीन.”

सत्यवानशेट कात्रीत सापडला. “सगळे व्हय म्हणतीत, तर माझी ना नाय,” म्हणाला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून कागद शेजारी उभ्या असलेल्या माझ्या हातात दिला.

आता, गावच्या देवळात गाऱ्हाणं घालणारा मी. देवाला मी साकडं घालायचं आणि ओळीओळीला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं, ही इथली रीत. मी खाकरलो आणि त्याच सुरात वाचायला लागलो.

“बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक सुकाणू धरूक येता रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” खलाशांच्या तोंडून सवयीनं गेलंच.

“इंजिन खोलून जोडूक येता रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि सगळ्यांच्या नाकार टिच्चून ता तांडेल होतला रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मग तोंडं उघडीच राहिली. देवाला दिलेला होकार मागे घ्यायची छाती कुणाची? दोरी सुटली! पाण्यातून एक डॉल्फिन उभा राहिला, तोही म्हणाला, “व्हय म्हाराजा!” मी रंगात आलो. तो रिकामा रकाना दिसला, तसा त्याच दमात म्हणालो, “आणि ह्येचा लगीन ह्या सर्वेशाबरोबर होतला रे म्हाराजा!” पुन्हा सगळे, “व्हय म्हाराजा!” असं हे लग्न जमवलं मी. त्या दोघांच्या तर स्वप्नातही—

“आजोबानू, खोटा!”

मागून, सुकाणूवरून आवाज आला. दिव्या. तिच्या शेजारी लाइफ जॅकेट घालून, डोळे मिटून, फळी घट्ट धरून बसलेला सर्वेश.

“डॉल्फिन बोललो आसतलो एक वेळ! पण रकानो भरताना तुमी भायर चाय पीत होतास. ‘रिकामो ऱ्हवांदे’ म्हटलंयच नाय मी. म्हटलंय, ‘तुझा नाव घाल!’”