एक माणूस जास्त

दुकानासमोरच्या बसस्टॉपवर ती रोज सकाळी सव्वानवाला, दुकान उघडायच्या आधीच, येऊन बसायची. पिशवीतून चपला काढायची, पायातले कॅनव्हासचे बूट उतरवून जुन्या पेपरात गुंडाळायची, रुमालाने तोंड पुसायची आणि बसची वाट बघायची. बस पकडायला नव्हे हं! बस आली, माणसं उतरली, की त्यांच्यात हळूच मिसळून ही बाईसाहेब ऐटीत रस्ता ओलांडायची. जणू आत्ताच खिडकीची जागा सोडून उतरली आहे.

तयार कपड्यांच्या त्या दुकानात ती फिटिंगचं काम करायची. पँट आखूड कर, कंबर आत घे, बाही कमी कर. लोकांचे कपडे मापात बसवणाऱ्या या मुलीचं स्वतःचं गणित मात्र बसत नव्हतं, आणि त्याला कारण बसचं भाडं. वर्षात दोनदा वाढलं होतं. शेजारचं जोडपं एका स्कूटरवरून कामाला जायचं. दोघांचं जाण्यायेण्याचं पेट्रोल हिच्या एकटीच्या एका तिकिटात भागायचं. दुकानातल्या चौघी मिळून टॅक्सी करायच्या, तीही बसपेक्षा स्वस्त पडायची. पण हिच्या घराच्या बाजूला राहणारं दुकानात कोणी नव्हतं. आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागे. तेव्हा मायलेकींनी ठरवलं, आईने बसने जायचं आणि लेकीने पायी.

चालायला तिची ना नव्हती. पण एकदा काउंटरवाली सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, तू चालत येतेस की काय? अशी वेळ आली?" आणि हिच्या तोंडून पटकन निघून गेलं, "छे! बसने येते मी." खोट्याला पाय नसतात म्हणतात. हिच्या खोट्याला मात्र रोज पाऊण तास चालावं लागे.

त्या सोमवारी बस आली, ती गर्दीत शिरली आणि नेमका समोर एक उंच, सडपातळ तरुण उभा! गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड. उतरणाऱ्या सगळ्यांना तो "ताई, एक मिनिट", "काका, एक मिनिट" करत होता. हिच्यापाशी आल्यावर त्याची गाडी अडली.

"ता... अं... मॅडम, बस कंपनीची पाहणी आहे. कुठून बसलात?"

"पहिल्या स्टॉपवरून."

"भाडं परवडतं?"

पलीकडे दुकानाच्या काचेतून काउंटरवाली बघत होती. तिने मान ताठ केली. "परवडतं की! न परवडायला काय झालं?"

त्याने पॅडवर खूण केली आणि हसला. हसताना त्याचा एक गाल जरा जास्तच आत जायचा.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पुढ्यात.

"कालच विचारलंत ना?"

"रोज विचारायचं असतं. नियम आहे."

"त्या काकांना नाही विचारलंत."

"ते काका काल चिडले होते."

"मग मीही चिडते."

"चिडा की... पण सावकाश. दहापर्यंत माझी ड्यूटी आहे."

ती हसू दाबत रस्ता ओलांडून गेली खरी, पण त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन पाय दोन मापांचे झाले.

बुधवारी तिने त्याच्या हाताकडे बघितलं. लिहिताना तो सारखी बाही वर सारत होता. "बाही दीड इंच मोठी आहे तुमची."

"दादाचा शर्ट आहे."

"द्या, कमी करून देते."

"आत्ता? इथे?"

दोघंही लाजून लाल. दुसऱ्या दिवशी त्याने शर्ट इस्त्री करून आणला होता. उसवायच्या कपड्याला इस्त्री! तिला हसू आलं आणि आत कुठेतरी काही हललंही.

पण त्याच गुरुवारी सकाळपासून पाऊस होता. छत्री असूनही ती गुडघ्यापर्यंत भिजली होती. तो तिच्या कपड्यांकडे बघतच राहिला.

"बस गळते का?"

"ग... गळते. खिडकीपाशी..."

आणि त्या भल्या माणसाने फॉर्मवर मन लावून लिहिलं, 'बस गळते.' ते बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहीला टाके घालताना दिवसभर तिच्या मनात एकच. हा इतका सरळ, आणि आपण याच्याशी रोज सकाळी ठरवून खोटं बोलतो. उद्या सांगून टाकू... पण काय सांगायचं? की मी तुमच्यासमोर उतरते ती बसमधून नाही, बाकावरून?

शुक्रवारी तिने शर्ट दिला. त्याने तो उघडूनही बघितला नाही.

"काय झालं?"

"उद्याचा दिवस बहुतेक शेवटचा. साहेब म्हणतात, मी घरी बसून आकडे भरतो. कंडक्टरच्या मशिनवरून इथे उतरलेले जितके निघतात, त्यापेक्षा माझ्या कागदावर रोज एक माणूस जास्त. रोज! आणि बस गळत नाही. मेकॅनिकने दोन तास वरून पाणी मारून बघितलं." तो कसंनुसं हसला. "उद्या साहेब स्वतः येणार आहेत. जुळलं नाही तर नोकरी गेली."

तिने हळूच विचारलं, "तुम्ही... दारापाशी उभे राहून मोजत नाही?"

"मोजतो ना. बाकीचे उतरताना मोजतो. तुम्ही कधी उतरता तेच कळत नाही. एकदम समोरच दिसता... मग तुम्हाला धरून एक जास्त लिहितो." त्याचे कान लाल झाले. "खरं सांगू? बस यायच्या आधीपासून त्या वळणाकडेच डोळे लावून मी तुमचीच वाट बघत असतो."

ज्याची वर्षभर वाट बघावी असं वाक्य, आणि तिला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. तेवढ्यात काउंटरवालीने दारातून हाक मारली आणि ती पळालीच.

घरी जाताना तिने खूप डोकं चालवलं. उद्या खरंच तिकीट काढून बसने यावं. मग आकडा जुळेल, खोटंही झाकलेलं राहील. पण उद्याचा आकडा जुळला, की मागच्या पाच दिवसांचे आकडे त्याने मनाने लिहिले हेच ठरणार. म्हणजे आपली अब्रू त्याच्या नोकरीवर वाचवायची!

आईने तिचा उतरलेला चेहरा बघून खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"चालण्याची कसली लाज गं?" आई म्हणाली. "लाज चोरीची असावी."

"आई, मी चोरीच केलीय."

शनिवारी ती स्टॉपवर आली तेव्हा तिचे बूट चिखलाने बरबटले होते. बाकावर बसली, पण पिशवीला हात लावला नाही. जाड चष्म्याचे साहेब आले होते. तो खाली मान घालून त्यांच्या बाजूला उभा. बस आली.

"अकरा," साहेब म्हणाले. "आणि तुझ्या कागदावर बारा होणार, नाही का?"

तो गर्दीत तिला शोधत होता. ती बाकावरून उठली. साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, ती बारावी मी. मी बसमधून उतरतच नाही. घरापासून चालत येते आणि... इथून या लोकांत मिसळते. त्यांचं मोजणं चुकलं नाही. मीच त्यांना फसवलं."

"मग फॉर्मवर तर भाडं परवडतं असं..."

"खोटं सांगितलं. लाज वाटत होती."

"आणि ती गळती?"

"पावसात चालत आले होते."

कोणीतरी फिसकन हसलं. दुकानाच्या दारात काउंटरवाली आणि तिच्या टॅक्सीतल्या बाकी तिघी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. साहेबांनी चष्मा पुसला, तिच्या बुटांकडे बघितलं आणि त्याला म्हणाले, "फॉर्म नवा भर. नीट."

त्याने पॅडवरून मान वर केली नाही. "कुठून?"

"पहिल्या स्टॉपपासून. चालत."

"भाडं परवडतं?"

"नाही."

"इथे सही करा."

एवढंच. एकदाही बघितलं नाही त्याने. दिवसभर ती शिवणयंत्रात तोंड खुपसून बसली. काउंटरवालीने काही टोचून विचारलं नाही, उलट चहाचा कप मुकाट्याने आणून ठेवला, आणि ते तिला टोमण्यापेक्षा जड गेलं.

संध्याकाळी ती चपला घालून बाहेर पडली, तर बाकावर तो. दादाचाच शर्ट, बाही मनगटावर बरोबर बसलेली.

"नोकरी...?" तिने चाचरत विचारलं.

"राहिली. कामही वाढलं. साहेब म्हणाले, बसमधल्यांनाच विचारत बसलास तर सगळे 'परवडतं' म्हणणारच. ज्यांनी बस सोडली, त्यांना शोध."

"माझा फॉर्म तर भरून झाला."

"हो."

"मग रागवायला आलात?"

"राग आला होता. माझा मलाच." त्याने मनगटावरची बाही चाचपली. "मोजायच्या कामाला ठेवलेला माणूस मी... पाच दिवस तुमचा चेहराच बघत राहिलो. पाय कधी बघितलेच नाहीत. सकाळी त्या चिखलाकडे बघून इतकी लाज वाटली, की मान वर करवेना."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे सकाळी त्या फॉर्मच्या दोन्ही बाजूंना लाजच उभी होती तर!

"वाटेत सोबत असतं कोणी?" त्याने विचारलं.

"नाही."

"मी आलो तर... चालेल?"

"पाऊण तास लागतो."

"म्हणूनच म्हणतो, त्या चपला काढा. पिशवीतले बूट घाला."

तिने दुकानाकडे बघितलं. काउंटरवाली कुलूप लावता लावता इकडेच बघत होती. बघू दे! ती बाकावर बसली आणि पेपरातून बूट काढले. आजवर या बाकावर तिने ते फक्त लपवले होते. अजून ओलेच होते.

तेवढ्यात वळसा घालून घराकडे परतणारी बस येऊन थांबली. दार उघडलं. कंडक्टर वाकून ओरडला, "येताय का?"

"नाही हो!" ती नाडी बांधता बांधता सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाली. "परवडत नाही!"

बस गेली. तिने दुसरी नाडीही घट्ट बांधली, आणि दोघं निघाली.