घाटाच्या सावलीचा रंग

कोल्हापूरच्या नगर कलादालनाच्या तळघरात वर्णवेधक नावाचे यंत्र बसवले होते, आणि त्या यंत्रावर एक संशयी बाई नेमली होती. डॉ. वसुधा इंगवले. कुणी ‘वा, काय चित्र आहे!’ म्हणाले, की तिला आधी चित्राची पाठ बघावीशी वाटे. या गावात तिला कामाची ददात नव्हती. चित्रकार आले की गट आले, गट आले की कुजबुज आली, आणि कुजबुजीला आज ना उद्या पुरावा लागतोच.

या खेपेची कुजबुज मोठी होती. ज्येष्ठ चित्रकार पार्श्वनाथ उपाध्ये, म्हणजे साऱ्या गावाचे आण्णा, यांच्या नावाचे दालन लवकरच उघडायचे होते. जुनी चित्रे भिंतीवर लागली होती आणि त्यांच्या घरून चार नवी आली होती. विषय तोच, पंचगंगेचा घाट. पण आण्णांच्या ज्या राखाडी सावल्यांवर लोक जीव टाकत, त्या यात नव्हत्या. इथल्या सावल्या जांभळ्या होत्या, कडेला चक्क तांबूस झाक होती.

“ही आण्णांची नव्हेत,” जयसिंग पन्हाळकर म्हणाला. तो आण्णांचा पट्टशिष्य, स्वतः नावाजलेला चित्रकार आणि दालन समितीचा अध्यक्ष. “त्यांची सून सुनेत्रा चित्रकला शिकवते शाळेत. ती रंगवते आणि सासऱ्याची सही ठोकते. तसं निघालं तर दालनावरचं नाव उतरेल आणि बाईवर फिर्याद होईल. नियमच आहे, ज्या चित्रात चित्रकाराचा स्वतःचा डोळा नाही ते भिंतीवर राहायचं नाही.”

“नियम केला कुणी?”

“मीच. पण डोळा चित्रात सापडतो कसा, ते मला अजून कळलेलं नाही.”

“तुम्ही पॅलेटवर रंग कालवता आणि तो समोरच्या दगडासारखा दिसला की थांबता,” वसुधा म्हणाली. “दगडाकडून येणारा उजेड वेगळा असतो, रंगाकडून येणारा वेगळा. यंत्राला तो फरक कळतो. तुमचा डोळा मात्र फसतो आणि दोन्ही एकच समजतो. दुसऱ्याचा डोळा दुसऱ्या जागी फसेल. या फसण्यालाच आम्ही दृष्टिमुद्रा म्हणतो. घाटाचा दगड अजून तोच आहे, त्यामुळे ताडून बघता येतं.”

“वयानं नजर बदलते की.”

“डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, शस्त्रक्रियेत ते बदलतातही. तेवढा फरक आम्ही वजा करतो. डोळ्याच्या मागचा पडदा जन्मभर तोच. आण्णांना एकदा इथं आणलंत तर त्यांचे डोळेच मापून—”

“म्हाताऱ्या माणसाला कशाला ताप? नमुन्याला त्यांची चाळीस चित्रं आहेत की वर!”

वसुधाला ते पटले. माणूस खोटे बोलेल, गाजलेले जुने चित्र कशाला बोलेल?

जुन्या चित्रांतून एकच दृष्टिमुद्रा निघाली, नव्या चारांतून दुसरीच. जयसिंगचा चेहरा खुलला. सुनेत्राला बोलावणे गेले. ती शाळेतून तडक आली ती भडकलेलीच.

“गावभर मला चोर ठरवून मग विचारताय होय? तपासा माझे डोळे!” तिने आपणहून हनुवटी यंत्राच्या खाचेत टेकवली.

नव्या चित्रांतला डोळा तिचा नव्हता.

“तरी ती आण्णांची नाहीतच,” वसुधा म्हणाली. “जुन्या चित्रांवरून स्पष्ट दिसतं की आण्णा रंगांध आहेत. तांबडा त्यांना कळत नाही. ही तांबूस झाक ते रंगवणार कशी?”

सुनेत्रा रागातही हसली. “आण्णा रंगांध? मंडईत ढिगातला लालबुंद टोमॅटो लांबून हेरतात. मी जरा हिरवट आणला की बोलणी खाते.”

वसुधाचा संशय आता उलटा फिरला. नव्यांना सोडून ती जुन्या चित्रांकडे वळली. मग तिला जयसिंगचा संशय आला. चोराच्या उलट्या बोंबा काही नव्या नाहीत. शेजारच्या दालनातले त्याचे घाटाचे चित्र तिने यंत्राखाली धरले. आण्णांच्या जुन्या चित्रांतलीच दृष्टिमुद्रा! पण ती चित्रे आण्णांनी काढली तेव्हा जयसिंग पाळण्यात होता. तिने तिथल्या भिंतीवरचे इतर चित्रकारांचेही घाट एकामागून एक तपासले. बाप्यांचे, बायांचे, मेलेल्यांचे, जित्यांचे. सगळीकडे तोच रंगांध डोळा. यंत्र बिघडले म्हणावे तर तेही ठणठणीत होते.

“आण्णांना आणा,” ती म्हणाली.

आण्णा सुनेच्या हाताला धरून जिना उतरले. यंत्राने त्यांचे डोळे मापले आणि निवाडा दिला. नवी चारही चित्रे त्यांचीच होती. जुन्यांतले एकही नव्हते. सुनेत्राने पदर डोळ्यांना लावला. जयसिंग पुढे झाला.

“मग ती जुनी कुणाची, आण्णा?”

“काढली मीच रे,” आण्णा म्हणाले. “रंग माझ्या गुरूंचा, चिंचलीकर मास्तरांचा. मास्तर सांगायचे, घाटाची सावली म्हणजे निळा एवढा, काळा एवढा, वर बोटभर पिवळी माती. मी तसंच कालवत आलो आणि तुलाही तेच शिकवलं. मागल्या साली मोतीबिंदूचं ऑपरेशन चिघळलं, महिनाभर दोन्ही डोळ्यांवर पट्टी. सुटल्यावर घाटावर गेलो तर सावली जांभळी! रडलो मर्दा मी तिथं. उभा जन्म घाट रंगवला, बघितला नव्हता.”

“म्हणजे मास्तर रंगांध होते?” वसुधाने विचारले.

“कुणास ठाऊक? त्यांनाही कुणीतरी सांगितलंच असेल.”

“नियम बदलू या, आण्णा,” जयसिंग पुटपुटला. “तुमची सगळी जुनी चित्रं जातील. माझीही.”

“नियम राहू दे. उतरव माझी.”

चित्रे उतरली. रिकाम्या दालनात चार घाट तेवढे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी जयसिंग ओल्या रंगाचे चित्र घेऊन तळघरात आला. सकाळपासून घाटावर बसून त्याने ते केले होते. वसुधाने मापले. पुन्हा तोच रंगांध डोळा.

“सवयीनं कालवलंत.”

“नाही हो. आईशप्पथ, बघून बघून कालवलं. माझा डोळा तपासा.”

डोळा निर्दोष होता. तांबडा, जांभळा, यंत्रातला प्रत्येक दिवा त्याने बिनचूक ओळखला.

“मग मला घाटावर ती सावली राखाडीच का दिसते?” त्याने विचारले. हा माणूस खोटे बोलत नाही, हे वसुधाला कळले आणि तिला भीती वाटली.

ती जिना चढून बाहेर आली. ती याच गावात वाढली होती. घरच्या भिंतीवर, शाळेत, कॅलेंडरवर तिने तोच घाट पाहिला होता. दालनाच्या खांबाची सावली उन्हात घाटाच्याच दगडाच्या पायऱ्यांवर पडली होती. ती वाकून कितीतरी वेळ त्या सावलीकडे बघत राहिली.

तिलाही ती राखाडीच दिसत होती.