शुक्रवारी दुपारी ८८.४

या पेजवर सगळ्यांची भुतं अमावास्येला, रात्री बाराच्या ठोक्याला येतात. आमच्याकडचं भर दुपारी यायचं. उन्हात. कोणाला पटो न पटो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. खोटं बोलून मला काय मिळणार?

साल २०१४, फेब्रुवारी महिना. पनवेलजवळ कोन गावात आमचा सुतारकामाचा कारखाना आहे. मी तौसीफ. अब्बा गेल्यानंतर कारखाना मीच बघतो.

कारखान्यात एक जुनं कटर मशीन आहे. बिडाचं जाड टेबल, त्याच्या मधून वर आलेलं गोल पातं. अब्बांनी ते गव्हाणच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलं होतं. चार माणसांना उचलत नाही इतकं जड. चारही पाय बोल्टने जमिनीच्या काँक्रीटमध्ये घट्ट आवळलेले.

त्या मशीनवर दोन माणसं लागतात. एक अलीकडून फळी ढकलतो, दुसरा पलीकडून धरतो. अलीकडे मी, पलीकडे बुधा.

बुधा नेऱ्याकडच्या कातकरी वाडीतला. अब्बांच्या वेळेपासूनचा. पन्नाशी ओलांडलेली, बोलणं कमी, हात पक्का. खिळ्याला टांगलेला त्याचा एक लाकडी गुण्या होता. पातं टेबलाशी काटकोनात आहे का, हे तो गुण्या लावून एका नजरेत सांगायचा.

मग माझा आतेभाऊ अरबाज दुबईहून आला आणि माझ्यासाठी अँगल मीटर घेऊन आला.

काडेपेटीपेक्षा जरासा मोठा डबा. खाली चुंबक, पुढे आकडे. आधी टेबलावर ठेवायचा, शून्याचं बटण दाबायचं. मग पात्याला चिकटवायचा. ९०.० आलं, की पातं बरोब्बर सरळ.

मी भलताच खूश होतो. रोज सकाळी बिस्मिल्ला म्हणून शून्य करायचो, पात्याला चिकटवायचो आणि आलेल्या गिऱ्हाइकाला आकडा दाखवायचो. बुधाचा गुण्या खिळ्यावर धूळ खात पडला.

पहिल्या शुक्रवारी सकाळी ९०.० होतं.

पाऊणला मेन स्विच बंद केला आणि जुम्म्याच्या नमाजाला गेलो. मीटर पात्यालाच होता. बुधा त्याच्या भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसला होता.

सव्वादोनला परत आलो...

८८.४.

मी पातं कलतं-सरळ करायचं हँडल फिरवून ते पुन्हा ९०.० वर आणलं आणि कामाला लागलो. संध्याकाळी फळ्या जोडायला घेतल्या, तर प्रत्येक जोडात फट! कडा तिरक्या कापल्या गेल्या होत्या. सागाचा माल वाया.

शनिवारी सकाळी मीटर टेबलावर शून्य करून पात्याला लावला. ९१.६.

म्हणजे पुन्हा कोणीतरी हात लावला होता.

दुसऱ्या शुक्रवारी तेच. सकाळी ९०.०, नमाजाहून आल्यावर ८८.४. मी पातं सरळ केलं आणि माल बिघडला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मी नमाजाला गेल्यावर कारखान्यात कोण असायचं? एकटा बुधा. मीटर आल्यापासून गप्प गप्प कोण होतं? बुधाच.

घरी मुबीनाला बोललो. माझी बायको सरळ माणूस. ती म्हणाली, "अल्लाहचं नाव घ्या. वीस वर्षांत त्यांनी एक खिळा कधी नेला नाही."

पण संशय एकदा डोक्यात बसला, की जेवतानाही पानात दिसतो.

तिसऱ्या शुक्रवारी परत आलो. आकडा पाहिला आणि माझा तोल गेला. शेजारच्या गॅरेजमधली पोरं जमली इतका ओरडलो.

"खरं सांग बुधा, हँडलला हात कोणी लावला?"

"मी नाय लावला भाई."

"मग काय जिन आला होता?"

बुधाने फक्त मशीनच्या पलीकडच्या बाजूला एकदा बघितलं... आणि मान खाली घातली. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

"गुण्या लावून बगा ना भाई. पातं सरळ हाय."

"म्हणजे तुझं लाकूड खरं आणि दुबईचा मीटर खोटा? मुद्दाम माल बिघडवतोस आणि वर मलाच शिकवतोस?"

त्याला तिथल्या तिथे काढलं. तो गेला. गुण्यासुद्धा नेला नाही.

चौथा शुक्रवार. २८ फेब्रुवारी.

सकाळी ९०.० केलं. कारखान्यात मी एकटा. पाऊणला मेन स्विच बंद केला, शटर ओढलं, दोन्ही बाजूंना कुलूप लावलं. किल्ली खिशात.

परत आलो. कुलपं जशीच्या तशी.

शटर वर केलं. उन्हाचा पट्टा थेट मशीनवर पडला.

८८.४.

पहिला विचार भुताचा नव्हता, खरं सांगतो. पहिला विचार आला, की मी त्या माणसाला काय काय बोललो.

या वेळी हँडलला हात लावला नाही. खिळ्यावरचा गुण्या काढला, फुंकर मारली, टेबल आणि पात्याच्या कोपऱ्यात लावला.

केसाएवढीही फट नव्हती. पातं सरळच होतं.

मग मीटर ८८.४ का दाखवत होता?

मी मीटर पात्यावरून काढला आणि टेबलावर ठेवला. सकाळी इथेच शून्य केला होता. इथे ०.० यायला हवं होतं.

आलं १.६.

आकड्याशेजारी एक बारीक बाण असतो, कोणती बाजू खाली आहे ते सांगणारा. बाण पलीकडची बाजू दाखवत होता.

पातं कधी हललंच नव्हतं. टेबल झुकलं होतं. पात्यासकट अख्खं मशीन त्या बाजूला कललं होतं. आणि मी मूर्ख, दर शुक्रवारी चांगलं पातं "सरळ" करून वाकडं करत होतो. नंतर टेबल जागेवर आलं, की माझं वाकडं केलेलं पातं तसंच राहायचं.

पाना घेऊन चारही बोल्ट तपासले. एकही सैल नव्हता.

चार माणसांना न उचलणारं मशीन. बोल्टने आवळलेलं. ते एका बाजूला झुकतं कसं?

पलीकडे कोणीतरी दोन्ही हात टेकून, सगळा भार टाकून उभं राहिल्यासारखं...

म्हणजे मागच्या तीन शुक्रवारी मी हँडल फिरवत होतो, तेव्हा ते तिथेच होतं. माझ्या समोर. दीड हातावर.

बाहेर गॅरेजमधला हातोडा चालू होता, तो थांबला. आणि आकडा हलला.

१.२...

०.७...

०.०.

मी श्वास सोडला. गेलं, असं वाटलं.

आणि बाण फिरला.

०.५...

१.१...

१.६.

आता बाण अलीकडची बाजू दाखवत होता. माझी बाजू.

माझा हात टेबलावर नव्हता. मी टेबलाला टेकलेलो नव्हतो. पण माझ्या उजव्या कोपराशेजारी, बिडाच्या कडेवरचा लाकडाचा भुसा हळूहळू दबला...

शटर उघडं टाकून पळालो. भर दुपारी, कोनच्या रस्त्यावर, अनवाणी.

दुसऱ्या दिवशी नेऱ्याला गेलो. बुधा वाडीवर नव्हता. त्याची बायको चिंगी म्हणाली, "भट्टीवर गेलाय. तुमी बोल लावला, तवापासून कोणी सुतारकामाला उभं करत नाय त्याला."

मी वीटभट्टीवर गेलो. पक्क्या हाताचा सुतार डोक्यावरून विटा वाहत होता. मला बघून थांबला. शरमेने माझी मान वर होईना. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला बुधाकाका म्हणालो. सगळं सांगितलं.

त्याला जराही नवल वाटलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमच्या अब्बांच्या टायमाला पन यायचा. आमी त्या वक्ताला मशीन चालवत नव्हतो. दोन घास जास्त खायचो, तवर जायचा."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं, हँडलला हात कोणी लावला. त्यानं कुठं लावला? तो निस्ता टेकून उबा ऱ्हातो."

"कोण आहे तो?"

बुधाने डोक्यावरची चुंबळ नीट केली.

"परत चला काका. चूक माझी आहे. सगळ्या कोनमध्ये सांगेन."

"मला काडनं सोपं होतं भाई." तो विटा उचलायला वाकला. "आता त्याला काडून दाखवा."

मी कोनमध्ये घरोघरी जाऊन सांगितलं, की चूक माझी होती. दोन वेळा पुन्हा नेऱ्याला गेलो. मशीन विकायचं म्हटलं, तर सांगून कोणी घेत नाही आणि न सांगता विकायचं माझं धाडस नाही.

आज तीन वर्षं झाली. बुधाकाका काही परत आले नाहीत.

तो दुसरा मात्र एकही शुक्रवार चुकवत नाही.